होळीतून वाचलेला रावण

मी रावण बोलतोय. लंकेचा नव्हे, कोकणातल्या नमन-खेळ्यातला, म्हणजे गावच्या लोकनाट्यातला. लाकडी मुखवटा आहे मी. रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या कौलारू शाळेच्या दोन खोल्यांत छोटंसं संग्रहालय आहे. तिथं दारासमोरच्याच भिंतीवर मी टांगलेला असतो. लोकांना दचकवणं हा माझा जन्मजात धंदा. पण गेल्या काही वर्षांत माणसांनी मलाच इतकं दचकवलंय, की माझे डोळे एवढे बटबटीत कुणी केले, रंगाऱ्यानं की माणसांनी, असा मलाच प्रश्न पडतो.

माझा जन्म इथून आत, घाटाच्या बाजूला असलेल्या एका वाडीतला. रघू नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर पांगारा होता. त्याचं लाकूड वजनाला हलकं. ते तोडून बाळा मेस्त्रीनं मला कोरलं. मधलं तोंड मोठं, माणसाच्या चेहऱ्यावर बसेल असं, आणि दोन्ही बाजूंना पट्टीवर बाकीची तोंडं. रंग वाळला तसा रघूनं मला चढवलं आणि तो थेट स्वयंपाकघरात गेला. त्याची बायको हौसा चुलीपाशी बसली होती. तिनं वर बघितलं आणि हातातली फुंकणी माझ्या कपाळावर भिरकावली.

"जळला तुमचा रावण! येकाद्याचा जीव जाईल ना!"

रघू इतका हसला, की माझी सगळी तोंडं थरथरली. आपलं काम आपल्याला जमतं, हे मला त्याच दिवशी कळलं.

पुढं कितीतरी वर्षं आम्ही दोघं नाचलो. गण झाला, गवळण झाली, वग रंगला, की शेवटी रावणाची पाळी. पुढं बसलेली पोरं किंचाळत आयांच्या पदराखाली शिरायची आणि लगेच पदर बाजूला करून पुन्हा बघायची. रामाचा बाण लागला की रघू धाडकन पडायचा. शिट्ट्या, टाळ्या! रघूचा मुलगा संदेश मृदंगावर असायचा. तो मुंबईत कारखान्यात कामाला, पण नमन म्हटलं की रजा टाकून यायचा. रघू पोराला तोंडावर कधी 'बरं' म्हणाला नाही. "हात जड हाय तुजा," एवढंच म्हणायचा.

मग ती माघातली पूजा आली. वाडीचा सत्यनारायण, मुंबईकर आलेले, मांडव भरलेला, हौसा अगदी पुढं बसलेली. रघू मला चढवून आत आला. दोन फेरे झाले. मला त्याचा श्वास नेहमीपेक्षा आखूड वाटला. मृदंग जोरात होता. रघू माझ्या आत, अगदी माझ्यापुरतं, पुटपुटला, "आज बरा वाजवतोय पोरगा."

आणि तो पडला.

रामानं बाण अजून लावलाही नव्हता. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "रावण घाईत हाय रे आज!" सगळे हसले. टाळ्या पडल्या. संदेशला वाटलं, बाबा काहीतरी नवीन करतायत, म्हणून त्यानं हात आणखी जलद केला. माझ्या आतला श्वास थांबला होता. ते एकट्या मला माहीत होतं आणि मी लाकूड होतो. शेवटी राम झालेला गडी धनुष्य घेऊन वाकला, त्यानं माझी दोरी सोडली, आणि मग तो जे ओरडला ते मी विसरू शकत नाही.

त्या टाळ्यांचा आवाज मला आजही सहन होत नाही. रघू गेला, आणि लोक त्याला 'वा' म्हणत होते!

दिवसकार्य उरकल्यावर हौसा संदेशला म्हणाली, "त्याला होळीत घाल. त्याचा तोंड मना परत दिसाया नको."

वाडीतले लोकही म्हणाले, मुखवटा बाधला, घरात ठेवू नये. मी हबकलो. ज्या घरात माझी पूजा व्हायची, नारळ फुटायचा, तिथंच मला जाळायचं ठरत होतं. संदेशनं मृदंग माळ्यावर टाकला आणि पुन्हा हात लावला नाही.

होळीच्या दिवशी सकाळीच त्यानं मला चादरीत गुंडाळलं. मी म्हटलं, झालं, आता होम. पण चादरीच्या आत मला एसटीचे हादरे बसायला लागले. वळणावळणावर तो मला मांडीवर घट्ट धरत होता. मध्येच चादरीला तोंड लावून हळूच म्हणाला, "बाबांचा तोंड होतास तू. कसा जाळू? आयेला सांगेन, जळला म्हणून."

असा मी संग्रहालयात आलो. ते चालवतात कुसुमताई. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, बोलणं खणखणीत, चष्मा सतत कपाळावर. संदेश त्यांना एवढंच म्हणाला, "घरात ठेवायला जागा नाय." त्यांनी वहीत लिहायला फोन नंबर मागितला, तेव्हा घाईत गावच्या घरचाच दिला आणि निघून गेला. मागं वळून बघितलंही नाही त्यानं.

इथं पहिल्याच आठवड्यात मला मोठा धक्का बसला. मला कुणी घाबरेना! लोक माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे, हात लांब करून फोनवर फोटो काढायचे आणि पुढं जायचे. एकानं तर माझ्या नाकपुडीत बोट घालून फोटो काढला. 'हात लावू नये' ही पाटी त्याच्या कोपराशीच होती. मी लंकाधिपती, आणि माझी ही अवस्था!

पण शनिवार चांगले जायचे. कुसुमताई पोरांना बोलवायच्या. माझं चित्र काढा, घिरटाच्या लाकडी जात्यावर भात भरडून बघा, जुन्या होडीचं सुकाणू दोघांनी मिळून फिरवा. कधी मोठी माणसं घरातली एखादी जुनी वस्तू आणून तिची हकिगत सांगायची. आणि रोज दुपारी कोपऱ्यावरची मासळीवाली विमला, पाटी दाराबाहेर ठेवून, पंख्याखाली टेकायला यायची. "काय रे धातोंड्या, जेवलास?" असं मलाच विचारायची. तिकिटाचं तिला कुणी कधी विचारलं नाही.

मग एका जुलैत वादळी पाऊस झाला. शाळेच्या मागच्या चिंचेची फांदी मोडून छपरावर आली. कौलं फुटली, वासा तुटला, आणि पाणी थेट माझ्या तोंडांवर. माझ्या एका मिशीचा रंग ओघळून हनुवटीवर आला. कुसुमताई धावत आल्या. उलट्या झालेल्या छत्रीखाली त्या मध्यभागी उभ्या राहिल्या. त्यांचा खणखणीत आवाज गेला होता. "संपलं," एवढंच म्हणाल्या. मलाही वाटलं, आगीतून वाचलो तो पाण्यात मरायला.

तेवढ्यात विमला आत शिरली. तिच्या दुकानावरची निळी ताडपत्री तिनं तशीच ओढून आणली होती.

"बाई, रडताय काय? धरा ह्याचा टोक!"

तिच्या मागून रिक्षा स्टँडवरचे रिक्षावाले आले. समोरच्या बेकरीतली माणसं आली. शनिवारी येणाऱ्या पोरांचे आईबाप आले. कुणी कुणाला बोलावलं होतं, मला अजून समजलेलं नाही. ज्यांनी माझ्याकडे कधी धड बघितलं नव्हतं, तेच लोक भिजत होते आणि एकमेकांना ओरडून सांगत होते, "आधी तो आरसा काढा! ती धान्याची मापं सांभाळा!" सुकाणू रिक्षाच्या टपावर बांधून गेलं. घिरट बेकरीवाल्याच्या ओसरीवर गेलं. पाऊस सरेपर्यंत एकेक वस्तू एकेका घरी राहील, असं ठरलं. मी विमलाच्या पाटीत उताणा पडलो. खाली बांगड्यांचा वास, वर आभाळ.

तिच्या घरात मी टीव्हीच्या वर टांगलो गेलो. तिची नातवंडं पहिल्या दिवशी माझ्यासमोर जेवेनात. चौथ्या दिवशी ती माझी नक्कल करत जेवायला लागली. शेजारणी मला बघायला यायच्या आणि विमला त्यांना चहा पाजून पाजून थकायची. पण तिनं मला खाली काढलं नाही.

पाऊस ओसरल्यावर पाडलेल्या एका घराची कौलं मिळाली. सुतारांनी वासे बसवले. कॉलेजच्या पोरापोरींनी रांग लावून हातोहात कौलं वर दिली. आम्ही सगळे परत आलो. कुसुमताईंनी ठरवलं, आता एक मेळावा करायचा. ज्यांनी ज्यांनी वस्तू दिल्या, त्यांना बोलवायचं, त्यांचा मान करायचा.

आणि त्या माझ्याच समोर बसून एकेकाला फोन लावू लागल्या. एका फोनवर म्हणाल्या, "संदेश आहेत का? नाहीत? बरं, तुम्ही आई का? अहो, मी संग्रहालयातून बोलतेय. तुमचा रावण आमच्याकडे अगदी सुखरूप आहे, हे सांगायला... हॅलो? आजी? हॅलो?"

फोन कट झाला होता. कुसुमताईंनी खांदे उडवले आणि पुढचा नंबर लावला. माझं मात्र लाकूड गार पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसा दारात उभी होती. एकटी. अंगानं निम्मी झालेली. पिशवीतून कोयतीची मूठ बाहेर आलेली.

ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत माझ्याकडे तसं कुणी बघितलं नव्हतं. मी खरंच घाबरलो.

"खाली काढा त्याला," ती म्हणाली.

पंख्याखाली बसलेली विमला उठली. "आजी, ती कोयती ठेवा बगू बाजूला."

"माज्या पोरान मना सांगितलान, जळला म्हनून." हौसाचा आवाज फुटला. "मी होळीला नारळ घातला. म्हटला, सुटलाव. आनी ह्यो हितं भितीवर बसून हसतोय!"

कुसुमताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हौसानं मग सगळं सांगितलं. मांडव, टाळ्या, सगळं. विमला तोंडावर पदर धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर कुसुमताईंनी 'हात लावू नये' ची पाटी बाजूला केली, स्टुलावर चढून मला उतरवलं आणि हौसाच्या मांडीवर ठेवलं.

"तुमचा आहे, आजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं."

हौसानं मला पालथं केलं. माझ्या आत, कपाळाला लागू नये म्हणून, कापडाची गादी शिवलेली होती. ती हौसाच्याच जुन्या लुगड्याची होती आणि टाकेही तिचेच. रघूच्या घामानं ती काळी पडली होती. हौसानं तीवरून बोट फिरवलं. मग नाकाशी नेली. मग कोयती उचलली.

विमला किंचाळली. मी डोळे मिटू शकलो असतो तर मिटले असते.

पण कोयतीचं टोक माझ्या लाकडाला लागलंच नाही. तिनं एकेक टाका तोडला, गादी सोडवली, घडी केली आणि चोळीत ठेवली.

"लाकूड तुमचा," ती म्हणाली. "ह्यो माजा." आणि पिशवी उचलून एसटी स्टँडकडे चालू लागली. विमला आपली पाटी तशीच टाकून तिला गाडीत बसवायला गेली.

मेळाव्याला ती येईल, असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. पण सकाळी टेम्पो थांबला आणि हौसाच्या मागोमाग आख्खी वाडीच उतरली. नमनाचे कपडे, झांजा, सगळं घेऊन. संदेश मुंबईहून आला होता. तो आईपासून चार हात लांब उभा राहत होता. शाळेच्या अंगणात खेळ सुरू झाला. बघायला रिक्षावाले, बेकरीवाले, विमलाची आख्खी गल्ली. गवळण झाली, वग झाला. रावणाची वेळ आली आणि सगळे थांबले. मला कोण चढवणार? कुणी पुढं होईना.

हौसानं पिशवीतून नवं कापड काढलं. जाड सुई काढली. सगळ्यांसमोर अंगणात फतकल मारून ती मला आतून शिवायला बसली. माणसं ताटकळत बसली. शिवता शिवता वर न बघता म्हणाली, "संदेश, हिकडं ये. डोका पुढं कर. बापापरास बारीक हाय तुजा, गादी जाड लागंल."

संदेश जागचा हलला नाही.

"आये, मी खोटा बोललो तुज्याशी."

"म्हाईत हाय मना. डोका पुढं कर."

त्यानं मान खाली घातली. तिनं मला त्याच्या चेहऱ्यावर बसवलं आणि दोरी बांधली. त्याच्या गालांवरचं पाणी माझ्या लाकडात जिरत होतं. त्याचा बाप त्याच्याबद्दल जे बोलला होता, ते मला त्याच्या कानात सांगायचं होतं. इतक्या जवळ होता तो! पण लाकडाला तेवढं जमत नाही. मग मृदंगावर दुसऱ्या कुणाची थाप पडली आणि आम्ही नाचलो. पुढच्या रांगेतली पोरं किंचाळून मागं पळाली. बेकरीवालाही दोन पावलं सरकला. किती दिवसांनी!

खेळ संपल्यावर हौसानं दोरी सोडली आणि पदरानं पोराचं तोंड पुसलं.

"आतून कसा दिसतो रं?" तिनं विचारलं.

"काय दिसत नाय गे," तो म्हणाला. "तोंडाच्या भोकातून तेवढी तू दिसत व्हतीस."

हौसा दचकली. मग तिथंच, इतक्या माणसांत, माझ्या कपाळावर हात ठेवून ती उभी राहिली.

आता मी वर्षभर इथं असतो आणि शिमग्याला वाडीत जातो. कुसुमताईंचा आवाज परत आलाय. हौसा कधीमधी येते. विमलाकडे जेवते आणि मला न बघताच जाते, कधी बघूनही जाते. तिचं तिला माहीत.

तुम्हीही या. फोटो काढा, माझी हरकत नाही. पण कॅमेरा खिशात टाकल्यावर एकदा नीट माझ्याकडे तोंड करून उभे राहा. आणि दचकलात, तर लाजू नका. मोठ्यानं ओरडा. या खोलीत ते आवडतं आम्हाला.