मुद्दाम केलेली चूक

सातवीच्या गणिताच्या बाई रोज चुकायच्या, आणि चुकल्या की खूश व्हायच्या. यात वेडेपणा काही नव्हता, ही त्यांची पीएचडी होती. फळ्यावर शिकवताना अधूनमधून मुद्दाम चूक करायची, पोरांनी ती पकडायची, पकडली की ‘चूक!’ म्हणून दोन्ही हातांनी बाक बडवायचा आणि मग बाईंनी कमरेत वाकून हार मान्य करायची, अशी ती पद्धत. चूक शोधायची म्हटल्यावर पोरगं फळ्याकडे बघणार, बघितलं की विचार करणार, आणि विचार केला की गणित डोक्यात शिरणार, असं बाईंचं म्हणणं. हे म्हणणं त्यांनी जाडजूड प्रबंधात आलेख-तक्त्यांसकट मांडलं होतं. आलेखातल्या रेषा अशा झोकात वर चढल्या होत्या की त्या बघून बाईंना रोज नव्याने गुदगुल्या व्हायच्या.

पद्धत लागू पडली होती यात शंकाच नको. जरा जास्तच लागू पडली होती. मुख्याध्यापक ध्वनिक्षेपकावरून ‘उद्या बुधवारी’ म्हणाले, आणि उद्या होता गुरुवार, तर सातवीने बाक असे बडवले की तळमजल्यावरची बालवाडी जागी झाली. शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर नद्या शिकवायच्या आधी दार लावून घ्यायला लागले. एका मुलीचे वडील शाळेत येऊन रडकुंडीला आले, की घरी जेवताना तोंड उघडायची सोय राहिलेली नाही, वाक्य पुरं व्हायच्या आत पोरगी ताट वाजवते. बाईंनी चेहरा गंभीर ठेवून सगळं ऐकून घेतलं, आणि ते गेल्यावर शिक्षकखोलीत एकट्याच खुदुखुदु हसत बसल्या.

प्रबंधाला परीक्षक दोन. पहिल्यांनी ‘उत्तम’ म्हणून कळवून टाकलं. दुसरे मात्र लालपेन. हे नाव त्यांना विद्यापीठातल्या पोरांनी ठेवलेलं, आणि ते का ठेवलं हे ज्याचा प्रबंध त्यांच्याकडून परत आला त्याला सांगायला नको. आयुष्यात फळ्यावर कधी चुकलो नाही, असं हे गृहस्थ समारंभात अभिमानाने सांगायचे. त्यांनी बाईंना कळवलं, की शिक्षक चुकला म्हणजे मुलं शिकतात हे मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणार नाही, तेव्हा सोमवारी सकाळी वर्ग दाखवा. वर्ग पटला तर दुपारी तोंडी परीक्षा. नाही पटला तर प्रबंध परत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नोकरी आणि संसार सांभाळून बाईंनी कैक वर्षं या कामात घातली होती. पुन्हा पहिल्यापासून, हे शब्द आठवले की त्या धपकन जमिनीवर यायच्या, पण मग त्या आलेखातल्या रेषा आठवायच्या आणि पुन्हा हवेत तरंगायला लागायच्या.

रविवारी दुपारी सासूबाईंनी पत्ते काढले. सुनेच्या डोक्याला जरा विसावा म्हणून, असं त्या म्हणाल्या, पण खरं तर त्यांना जिंकायचं होतं. डाव त्यांचा आवडता, थापा मारण्याचा. पानं पालथी टाकायची आणि तोंडाने वाटेल ते सांगायचं. समोरच्याने थाप ओळखली, तर थाप मारणाऱ्याने सगळा ढीग उचलायचा. बाईंनी तीन पानं टाकली आणि तीन राण्या म्हणून सांगितलं. सासूबाईंनी वरसुद्धा न बघता ‘उचल’ म्हटलं. पुढच्या वेळी बाईंनी खरोखरच दोन राजे टाकले, तर म्हातारी ढिम्म हलली नाही. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं. बाई एकदाही जिंकल्या नव्हत्या, आणि आज त्यांना राहवलं नाही. तुम्हाला कळतं तरी कसं, म्हणून त्यांनी हात धुऊन सासूबाईंच्या पाठीच लागायचं ठरवलं.

सासूबाईंनी बरेच आढेवेढे घेतले. गुपित फोडलं तर जिंकायचं कसं, हा त्यांचा सरळ हिशेब. पण सुनेची उद्या परीक्षा म्हणून त्यांना माया आली.

“अगं, थाप मारताना तू कानाची पाळी चिमटीत धरतेस,” त्या म्हणाल्या. “बघायला आलो होतो तेव्हाही धरली होतीस. स्वयंपाकाची आवड आहे म्हणालीस ना, तेव्हा.”

बाई हसत सुटल्या. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, तो रविवारीसुद्धा कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत कोपऱ्यात बसलेला असायचा. त्यानेही मान न वळवता सांगितलं, की मला वाटलं तुला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. यावर बाई आणखी जोरात हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या.

फळ्यावरची मुद्दाम केलेली चूक म्हणजे तरी दुसरं काय, थापच की. मग पोरं एवढे दिवस फळ्याकडे बघत होती, का कानाकडे?

बाई तडक आरशासमोर गेल्या. सात आठे चोपन्न, असं मोठ्याने म्हणाल्या. हात आपण होऊन कानाकडे गेला. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि नऊ साते एकसष्ट म्हणून बघितलं, तर कोपरच फडफडायला लागलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, की आता कानच कापून ठेव. प्रबंधातल्या त्या सगळ्या झोकदार रेषा बाईंच्या डोळ्यांसमोर धडाधड खाली आल्या.

त्यांनी मार्गदर्शक सरांना फोन लावला. सर म्हणाले, की उद्या कान झाकेल असा स्कार्फ बांधा, आणि पदवी हातात पडेपर्यंत याची वाच्यता नको. आता सांगा, या माणसाला मार्गदर्शक कोणी केलं? पण बाईंना तरी दुसरं काय सुचत होतं. त्यांनी निमूटपणे नणंदेचा हिरवा स्कार्फ इस्त्री करून ठेवला.

सोमवारी लालपेन आले. उंच, सडसडीत, अंगात कोट, चेहऱ्यावर सुतकी भाव. शेवटच्या बाकावर गुडघे वर करून बसले आणि त्यांनी प्रबंध समोर ठेवून खिशातून ते सुप्रसिद्ध पेन काढून त्यावर ठेवलं. मार्गदर्शक सर खिडकीपाशी उभे राहिले, पळता आलं तर बरं अशा बेताने. बाईंनी खडू हातात घेतला, डोक्याचा स्कार्फ घट्ट केला आणि वर्गाकडे वळल्या.

एकही पोर फळ्याकडे बघत नव्हतं. अख्खा वर्ग स्कार्फकडे बघत होता. तेही कसं, तर आपलं खेळणं कुणीतरी कुलपात घातलंय अशा चेहऱ्याने.

एक मिनिट त्यांना वाटलं, रेटून न्यावं. मग वाटलं, मसणात गेली ती पदवी, या पोरांसमोर तोंड लपवून उभं राहणार नाही. त्यांनी स्कार्फ सोडला, टेबलावर ठेवला आणि लालपेनना सरळ सांगून टाकलं, की सर, माझ्या प्रबंधात एक मोठं भोक आहे. मुद्दाम चुकताना मी कान धरते. मुलं चूक ओळखतात का कान ओळखतात, हे मला आता माहीत नाही. मला हे कालच कळलं. मग त्या पोरांकडे वळल्या आणि विचारलं, कुणाकुणाला माहीत होतं?

झाडून सगळ्यांचे हात वर झाले. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची, तिला सगळे वकिलीणबाई म्हणायचे, कारण ती पाण्याचा ग्लाससुद्धा वाद घातल्याशिवाय घेत नसे. ती उठून म्हणाली, की पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. मग सांगितलं का नाहीस, असं बाईंनी काकुळतीने विचारलं.

“तुम्ही विचारलंच नाहीत, बाई,” ती म्हणाली. “आणि तुम्ही किती खूश असायचात.”

खिडकीपाशी मार्गदर्शक सरांनी डोळे मिटून घेतले. लालपेननी पेनाचं टोपण काढलं. बाईंना तो टिक आवाज स्पष्ट ऐकू आला. पण लालपेननी प्रबंधाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि टोपण परत लावलं. मग ते बाकातून कसेबसे बाहेर पडले, लांब ढांगा टाकत पुढे आले आणि त्यांनी खडूसाठी हात पुढे केला. आता मी शिकवतो, म्हणाले, मीही मुद्दाम चुकेन, आणि माझे कान माझ्या ताब्यात आहेत.

त्यांनी डावा हात कोटाच्या खिशात घातला आणि फळ्यावर लिहिलं, की एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. बाईंनी मनातल्या मनात सगळ्या देवांना कामाला लावलं. आणि मग मागच्या बाजूने एक बाक वाजला, त्याच्यामागे दुसरा, आणि बघता बघता सगळा वर्ग ‘चूक!’ म्हणून दणाणला. लालपेन दचकले. रिवाजाप्रमाणे कमरेत वाकावं लागतं हे त्यांना वकिलीणबाईने समजावून सांगितलं, तेव्हा ते वाकले. मग हात खिशात गेला आणि पाच दशांश गुणिले पाच दशांश बरोबर अडीच झाले. धडाधड बाक. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज तीनशे साठ झाली. पुन्हा धडाधड. एवढी वर्षं शिकवलं, पण त्यांच्यासमोर कधी कुणी बाक वाजवला नव्हता. त्यांच्या गालांवर रंग चढला, केस विस्कटले, कोटाला खडू फासला गेला, आणि ते असे रंगात आले की थांबायचं नाव घेईनात.

त्याच भरात त्यांनी दोन्ही हात नाचवत पुढचं गणित घातलं. एक बस ताशी चाळीस किलोमीटर वेगाने गावाला जाते, आणि त्याच रस्त्याने ताशी साठच्या वेगाने परत येते. तर संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग? अर्थातच पन्नास, असं म्हणत त्यांनी पन्नास लिहिले, खाली रेघ मारली आणि फळा पुसायला डस्टर शोधू लागले.

बाईंनी फळा वाचला, पुन्हा वाचला. उत्तर चूक होतं, आणि ते लालपेनना माहीत नव्हतं. वर्गात चिडीचूप. बाईंनी ओठ घट्ट मिटले. आता पोरांच्या आधी आपण बोललो तर सगळंच गेलं, हे त्यांना कळत होतं. लालपेनच्या हाताला डस्टर लागलं.

मधल्या रांगेतून बाकावर एकाच हाताची हलकी थाप पडली. तो गोगलगाय होता. हे नाव त्याला मित्रांनी दिलेलं, कारण डबा खाण्यापासून चप्पल घालण्यापर्यंत सगळ्यात तो शेवटचा. त्याचा बाक आजवर कधीच पहिला वाजला नव्हता. बाईंचा कान पाहून इतरांचे बाक बडवून झाले, तरी याची आकडेमोड आपली चालूच असायची.

“चूक,” तो हळूच म्हणाला.

कुठे, म्हणून लालपेननी विचारलं, आणि त्यांचा आवाज खरोखर गोंधळलेला होता. गोगलगाय त्याच्या चालीने फळ्यापर्यंत आला. रस्ता एकशेवीस किलोमीटरचा धरू, म्हणाला. जाताना लागले तीन तास, येताना दोन. दोनशे चाळीस किलोमीटर पाच तासांत, म्हणजे अठ्ठेचाळीस. त्याने पन्नास खोडले, अठ्ठेचाळीस लिहिले, खडू नीट जागेवर ठेवला आणि तो जागेवर गेला.

लालपेन फळ्याकडे बघत राहिले. त्यांच्या मानेवरून लाली वर चढत चढत कपाळापर्यंत गेली. मग घसा खाकरून म्हणाले, की शाबास, तीही मुद्दामच केली होती.

वकिलीणबाई उभी राहिली.

“नाही, सर. मुद्दाम चुकताना तुम्ही खिशात हात घालता. या वेळी तुमचे दोन्ही हात बाहेर होते.”

खिडकीपाशी मार्गदर्शक सर भिंतीला टेकले. लालपेननी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग त्यांच्या पोटातून कसलासा आवाज आला, सायकलच्या पंपातून येतो तसा, आणि बाईंच्या लक्षात आलं की हे हसताहेत. आधी अडखळत, मग खोखो, आणि शेवटी टेबलाला धरून. हसू आवरलं तेव्हा ते बाईंकडे वळले.

“तीन चुका यांनी माझ्या खिशात पाहिल्या असतील,” ते म्हणाले, “पण चौथी फळ्यावरच पाहिली. ती तर मलाही माहीत नव्हती. प्रबंधात कानावर एक प्रकरण वाढवा, आणि दुपारी तोंडी परीक्षेला या.”

मग ते सगळ्या वर्गासमोर कमरेत वाकले, अगदी खालपर्यंत. बाईंना हसावं का रडावं कळेना, त्यांनी दोन्ही केलं. लालपेननी कोट झटकला, पेन खिशात टाकलं, आणि दाराशी जाऊन थांबले. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, की खरं सांगा, मला घाबरला होतात का?

“छे,” बाई म्हणाल्या, “मुळीच नाही.”

आणि त्यांचा हात कानाशी पोचायच्या आत सगळा वर्ग ‘चूक!’ म्हणून बाकांवर तुटून पडला, आणि परत आत येऊन पहिल्या बाकावर सगळ्यांत जोरात दोन्ही हात बडवत होते ते लालपेन.