जाठीभोवतालचं बी

"शत्रुघन, जाठीजवळ हात नाही घालायचा!" छातीभर पाण्यातून फेकन सहनी ओरडला.

जाठ म्हणजे तळ्याच्या मध्यात रोवलेला लाकडी खांब. त्याच्याभोवती दहा हात मखाण्याचं बी फेकन दरवर्षी चिखलात राखून ठेवी. पण औंदाची गोष्ट वेगळी होती. तळ्याचा पुढच्या सालचा ठेका बिंदेश्वरने पटकावला होता, फेकनचं जाळं रातोरात कापणाऱ्या त्याच बिंदेश्वरने.

काठावर बी धूत बसलेल्या दुलारीचं डोकं भडकलं. "अहो, कुणासाठी ठेवताय? त्या मेल्यासाठी? थंडीत आपण काय खायचं?"

चाळीस वर्षं बुड्या मारून नवऱ्याचे कान गेलेले. तिने चिखलाचा गोळा फेकून मारला, तेव्हा कुठे त्याने वळून पाहिलं. तिच्या हातवाऱ्यांवरून त्याला सगळं कळलं.

"ते तळ्याचं आहे," तो म्हणाला. मग शत्रुघनला, "कुजकी पानंही राहू देत रे. मासे काय हवा खाऊन जगतील?"

"भौजी, भैयाचं डोकं फिरलंय," दिराच्या नात्याने शत्रुघन दुलारीच्या कानाशी कुजबुजला. साऱ्या टोल्याचं, म्हणजे वस्तीचं, मत तेच पडलं.

ती थंडी दुलारीने बांबूच्या टोपल्या विणून काढली आणि नवऱ्याला येताजाता टोमणे मारले. तो हसायचा. ऐकू येत नसल्याचा त्याला तेवढाच फायदा होता.

फागुनात बिंदेश्वर दारात उभा राहिला. मान खाली. "भौजी, फेकनने तळं खरवडून नेलं असेल म्हणून मी बियांची पोती आणली होती. पण जाठीभोवती रोपं मावेनात. तीच तळंभर लावतोय."

"मग? आरती ओवाळू?" दुलारी फणकारली. पण आत जाऊन तिने त्याला पाणी आणून दिलं.

भादव्यात तिकडे मखाणा निघू लागला. फेकन त्या बाजूला फिरकला नाही, बांबू सोलत अंगणातच बसला. दुलारीला मात्र राहवेना. ती बांधावर जाऊन उभी राहिली. बिंदेश्वरची माणसं चिखल चाळत जाठीपर्यंत आली, थांबली आणि वळसा घालून पुढे गेली.

ती जवळजवळ धावतच घरी आली. असला माणूस आपल्या वाट्याला आला, याचा तिला त्या दिवशी फार अभिमान वाटला. ओरडून सांगायला दम पुरेना. तिने त्याचा चिरा पडलेला हात ओढला आणि तळव्यावर बोटाने एक गोल काढला, मधोमध जाठीचं टिंब.

फेकनने मूठ मिटली आणि बराच वेळ ती उघडली नाही.