लाडू पाण्यात का बसतो

फुलवंताबाईंनी जन्मात एकच साप पाळला, आणि तोही स्वतःच्या हौसेनं नव्हे. साप लेकीचा. चंचलला हैदराबादला नोकरी लागली, राहायला खोली मिळाली, आणि खोलीच्या मालकिणीनं कुत्रं-मांजर चालणार नाही अशी पाटी आधीच लावून ठेवली होती. साप लिहायचं तिला सुचलं नव्हतं एवढंच. पण पेटी उघडून पाहिल्यावर तिनं जी किंकाळी फोडली, त्यानंतर विचारायचं काही उरलं नाही. चंचल दोन दिवसांची रजा काढून आली आणि साडेतीन फुटांचा तो ऐवज गोंदियाजवळच्या गोरेगावच्या घरी आईच्या हवाली करून गेली.

साप बिनविषारी, परदेशी जातीचा, वनखात्यात रीतसर नोंदवलेला. बॉल पायथन म्हणतात त्याला. घाबरला की अंगाचा गोळा करून मध्ये डोकं लपवतो, म्हणून चंचलनं नाव ठेवलं लाडू. फुलवंताबाईंचे यजमान तेजराम मात्र नावाला भुलणारे नव्हते. लाडूसाठी नागपूरहून आणलेले बर्फातले उंदीर फ्रीजमध्ये वेगळ्या डब्यात आहेत हे कळलं, त्या दिवसापासून त्यांनी फ्रीजचं पाणी सोडलं आणि माठ जवळ केला.

"दुसऱ्याच्या घरी साप निघाला तं लोक काठी शोधतात," ते म्हणायचे, "आन् आमच्या घरी त्याच्यासाठी कूलर चालू होते."

फुलवंताबाई ऐकून घेत. नवऱ्याला काय कळणार? स्थळाच्या भांडणापासून लेक दोन वर्षं आईशी धड बोलत नव्हती. मुलगा चांगला होता, घर आपल्याच पवार समाजातलं, नावाजलेलं. पोरगी नाही म्हणाली आणि आई नको ते बोलून गेली. त्यानंतर फोन यायचा तो जेवलीस का, जेवली, बरं, एवढाच. लाडू आला आणि रोज संध्याकाळी सातला व्हिडिओवर चंचल हजर. आधी लाडू पाहायची, मग हळूहळू ऑफिसचं, डोकेदुखीचं, खोलीतल्या रुचिकाच्या घोरण्याचं सगळं यायचं. फोन सापासाठी येतो हे फुलवंताबाई जाणून होत्या. त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. सापाच्या निमित्तानं का होईना, लेक परत मिळाली होती, आणि म्हणून त्या लाडूला डोळ्यात तेल घालून जपत होत्या.

एप्रिल लागला आणि लाडू पाण्यात जाऊन बसायला लागला. पेटीत त्याच्यासाठी चिनी मातीचं भांडं होतं, त्यात सगळं अंग कोंबून, फक्त नाकाडं वर काढून तो दिवसभर पडून राही. बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता. घरादाराला एकच कारण दिसलं, आणि ते खोटं वाटायचं काही कारण नव्हतं.

"गरमी होऊन राहिली त्याले," तेजराम म्हणाले. "मलेही कोणी टाक्यात बसू देत असन तं मीही बसतो."

फोनवर चंचल खो खो हसली. "मम्मी, याचा व्हिडिओ पाठव. साहेब स्विमिंग पूलमध्ये!" व्हिडिओ तिच्या ऑफिसभर फिरला. भांडं लहान पडतं म्हणून फुलवंताबाईंनी भात शिजवायचा जुना गंज, मोठं पातेलंच ते, घासून पेटीत ठेवला. लाडू त्यात ऐसपैस मावला. रोज सकाळी पाणी बदलताना तळाशी काळे बारीक कण दिसत, मोहरीच्या दाण्याच्याही निम्मे. धूळ असेल म्हणून त्या पाणी अंगणात ओतून देत.

असे पंधरा दिवस गेले. लाडूनं दोनदा उंदीर नाकारला. बाहेर काढून ठेवला तर पेटीच्या कडेला अंग घासे आणि पुन्हा गंजात शिरे. आता हसू आटलं. चंचलनं इंटरनेट धुंडाळून सांगितलं, हवा कोरडी असेल, ओली फडकी ठेव. फडकी ठेवली. कूलर पेटीजवळ सरकवला. गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं, तर त्यांनी दारातूनच हात जोडले. "बाई, म्हशीचं काही असन तं सांगा. याचं मी पुस्तकातही धड वाचलं नाही."

फुलवंताबाई पेटीपुढे बसून राहत. गाय दुखलं तर हंबरते, लेकरू रडतं. याला आवाज नाही, मिटायला पापणी नाही. "काय होऊन राहिलं तुले?" त्या विचारत. "सांग ना रे बापा." लाडू पाण्यातून बघत असे. बघत असे की नुसते डोळे उघडे असत, तेही कळायला मार्ग नव्हता.

शेवटी तेजरामांनीच गोंदियाच्या दुर्गेशला फोन लावला. दुर्गेश सर्पमित्र, लोकांच्या न्हाणीतून, कोठारातून नाग-मण्यार काढून जंगलात सोडायचा. भर उन्हात मोटरसायकलवर आला, लाडूला गंजातून उचललं आणि खिशातला पांढरा रुमाल त्याच्या अंगावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत ओढला. रुमाल फुलवंताबाईंपुढे धरला. त्यावर काळे कण होते, आणि ते चालत होते.

"माईट म्हणतात याले, काकू. बारीक गोचिडीच समजा. खवल्याखाली घुसून रक्त पितात. तो हौसेनं नाही बसत पाण्यात. पाण्यात बसलं का थोडे बुडून मरतात, तेवढंच त्याले बरं वाटते."

फुलवंताबाई रुमालाकडे पाहत राहिल्या. पंधरा दिवस तो स्वतःचा जीव वाचवत होता, आणि घर हसत होतं.

"पण आले कुठून?" तेजरामांनी विचारलं.

"सापाचे सापाकडूनच येतात. दुसरा साप आणला होता का घरी?"

"छे जी! एकच पुरे झाला."

दुर्गेशनं पेटी रिकामी करायला घेतली. लाडूला लपायला ठेवलेलं फुटकं मडकं त्यानं उचललं, तर त्याखाली नीट घडी घालून ठेवलेली लांबलचक कात निघाली. खवल्यांचा ठसा अजून स्वच्छ होता. "ही याची नाही," तो म्हणाला. "ही धामणीची हाये. इथं कोणी ठेवली?"

मग फुलवंताबाई म्हणाल्या, "मी."

मार्चमध्ये लाडूची कात नीट सुटेना. तुकड्या-तुकड्यानं निघाली, डोक्यावरची तर चिकटूनच बसली. त्याच आठवड्यात त्या शेतावर गेल्या होत्या, आणि तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर त्यांना ही सापडली, ओली, ताजी, डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड. कात अडलेलं सोडवते हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. चंचलच्या वेळी त्या दीड दिवस अडल्या होत्या, सुईण हात टेकून बसली होती. सासूनं कोठीतल्या आढ्यावरून सापाची कात काढून त्यांच्या कमरेला बांधली आणि तासाभरात पोर बाहेर आलं. म्हणून शेतावरची ही कात त्यांनी लाडूजवळ ठेवली. दर वेळी पेटी पुसताना बाहेर काढली, झटकली, आणि आठवणीनं परत ठेवली.

"कोठीत धानाले मारतो ते पावडर टाकू का?" तेजराम चाचरत म्हणाले.

"तो मरून जाईन, काका." दुर्गेशनं पेटी उकळत्या पाण्यानं धुतली, कात आणि मडकं मागच्या अंगणात जाळलं, तळाशी कोरा कागद अंथरला. मग लाडूला कानाशी धरून बराच वेळ ऐकलं. "श्वासात शिट्टी वाजून राहिली. पंधरा दिवस ओला राहिला, छातीत गेलं वाटते." त्यानं नागपूरच्या एका डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं. उद्या पहाटेच्या गाडीनं घेऊन या, आज या उन्हात नेलात तर वाटेतच जाईल, असं ते म्हणाले. "तोवर पाणी द्यायचं नाही, काकू. गंज आत ठेवूच नका. किती शोधू द्या, पण ओला नाही झाला पाहिजे."

दुर्गेश गेला. फुलवंताबाई पेटीपुढे बसल्या. लाडू कोरड्या कागदावरून सरकत कोपऱ्यात गेला, जिथं गंज असायचा तिथं नाक लावून थांबला, मग दुसऱ्या कोपऱ्यात, मग पुन्हा तिथंच. आता त्याला काय हवं ते त्यांना पक्कं कळत होतं. इतके दिवस कळत नव्हतं तेव्हा त्या देत होत्या, आणि आता कळलं तर द्यायचं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. दुपार तशीच कलली. लाडू थकला, डोकं वर करून तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागला.

सातला फोन वाजला. झोपला आहे म्हणून सांगावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. उद्या डॉक्टरांकडून आल्यावर सांगता आलं असतं, किंवा कधीच नाही. लेकीचा चेहरा पडद्यावर आला आणि त्यांच्यानं खोटं बोलवेना. त्यांनी सगळं सांगितलं: गोचिड्या, छाती, कात.

चंचलनं एवढंच विचारलं, "मम्मी, कायले ठेवली तू ते?"

"तू निघाली होती ना त्यानं," फुलवंताबाई म्हणाल्या. "मले वाटलं, हाही सुटन."

चंचलनं पडद्यावरून तोंड फिरवलं. रागानं की रडायला, ते फुलवंताबाईंना दिसलं नाही. फोन आत्ता कट होईल आणि पुन्हा वाजणार नाही, असं त्यांना वाटलं. मग पलीकडून बारीक आवाज आला. "फोन त्याच्याजवळ धर."

त्यांनी पेटीचं झाकण काढलं आणि फोन लाडूच्या डोक्याशी नेला.

"लाडू," चंचल म्हणाली. "ए लाडू. लाडोबा. मी हाये रे."

सापाला आपल्यासारखे कान नसतात, हाक मारून उपयोग नाही, हे पेटी सोपवताना तिनंच आईला समजावलं होतं. दोघींनाही ते ठाऊक होतं. चंचल हाका मारत राहिली, आणि फुलवंताबाईंनी हात भरून आला तरी फोन खाली घेतला नाही.