युवराजच्या नावाची मूठ

मित्रांनो, मी एक जुनं जातं आहे. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात, जिन्याखाली माझा मुक्काम असतो. पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं आणि या घरच्या आजीच्या, धुरपदाबाईच्या, सासूनं घरी आणलं. पहाटे माझी घरघर सुरू झाली की शेजारीपाजारी जागे व्हायचे. माझ्या पिठाच्या भाकरीचं पाहुणे तोंड भरून कौतुक करायचे. मग गावात गिरणी आली आणि माझा सगळा रुबाब उतरला. आता माझ्यावर मांजर झोपतं, तेही उपकार केल्यासारखं.

श्रावणात आमच्या खानदेशातली कानबाई देवी घरोघरी येते, तेव्हा मात्र घराला माझी आठवण होते. मला धुतात, हळदकुंकू लावतात. कानबाईच्या रोटांचे गहू आमच्याकडे अजून माझ्यावरच दळतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू टाकायचे, अशी रीत. त्या पिठाचे जाड रोट सगळी भाऊबंदकी एकत्र बसून खाते, म्हणून त्याआधी घरातली भांडणं मिटवतात. रीत चांगली आहे. पण भांडण कोणतं आणि गुन्हा कोणता, हे मोठ्या माणसांना कळेनासं झालं की माझ्यासारख्या दगडालाही राग येतो.

दोन वर्षांपूर्वी तसंच झालं. धुरपदाबाईच्या सहावीतल्या नातीनं, मयुरीनं, रडत आईला सांगितलं, की युवराजकाका एकटं गाठून नको तसा हात लावतो आणि कुणाला सांगितलंस तर मारीन म्हणतो. तिच्या आईनं, ज्योत्स्नानं, ते नवऱ्याला सांगितलं. सख्ख्या भावाचं नाव ऐकून हेमराज हादरला, आणि पोलिसांकडे जायचं सोडून भाऊबंदकीतल्या वडीलधाऱ्या झुलालआबांकडे गेला. तिथेच तो चुकला.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई आणि तिची सून ज्योत्स्ना गहू घेऊन माझ्यापाशी बसल्या होत्या. आबा आले आणि खाटेवर टेकत म्हणाले, "धुरपदा, घरनी गोठ शे. रोटना आगोदर मिटाडी टाकूत. युवराज पाया पडी."

घरची गोष्ट घरातच मिटवायची, असं त्यांचं म्हणणं. हेमराज मान खाली घालून उभा होता. मयुरी दाराआडून ऐकत होती. धुरपदाबाईनं हेमराजच्या नावाचे गहू टाकले. पुढचं नाव युवराजचं, तिच्या धाकट्या लेकाचं. तिनं नातीकडे पाहिलं आणि मुठीतले गहू परत सुपात टाकले.

"मना पोटना शे म्हनीसन झाकी लेऊ का? त्याना नावनी मूठ मी टाकाव नही!" मग सुनेला म्हणाली, "लाव फोन."

ज्योत्स्नानं १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लावला. साध्या कपड्यातल्या महिला पोलीस घरी आल्या, मयुरीजवळ बसल्या आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. युवराजला अटक झाली. त्या वर्षी आमच्याकडे रोट खायला एकही भाऊबंद फिरकला नाही. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

खरी कसोटी पुढेच होती. कायदा आहे, मित्रांनो, पण तो फार हळू चालतो. खटला धुळ्याला. कधी वकील नाही, कधी साक्षीदार नाही, की तारीख पुढे. मयुरी शाळा बुडवून एसटीनं जायची आणि साक्ष न होताच परत यायची. त्यातच आबांचे निरोप चालू, की पोरीनं जबाब फिरवावा. म्हणून मी ओरडून सांगतो, अशा खटल्यांची कायद्यातली एक वर्षाची मुदत पाळलीच गेली पाहिजे. मुलांसाठीची कोर्टं तालुक्याच्या गावी आली पाहिजेत. मुलांवर दाब आणणाऱ्यालाही शिक्षा झाली पाहिजे. हे होईपर्यंत माझी घरघर थांबायची नाही.

गेल्या महिन्यात अखेर तिची साक्ष झाली. हेमराज स्वतः तिला घेऊन गेला होता. संध्याकाळी घरात पाऊल टाकताच ती म्हणाली, "आजी, मी बठ्ठं सांगी दिनं." सगळं सांगून आली होती ती, आणि तिच्या आवाजात रडू नव्हतं. आजी मात्र पदर तोंडाला लावून खूप रडली. तीही कुणाची तरी आई होती.

निकाल अजून लागायचा आहे. तोवर मुलांनो, तुम्हाला कुणी असा त्रास दिला तर सांगा. पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. चूक तुमची नसते. आणि मोठ्यांनो, माहीत असून लपवणं हाही गुन्हा आहे. मी दगड आहे. सगळं ऐकूनही मला जागचं हलता येत नाही. तुम्हाला कसली अडचण आहे?