सक्तीचा विषय

धाकटीचं सगळं संशोधन बीजगणितात चाललेलं. पण पीएचडीचा प्रबंध लिहायला बसण्याआधी आपल्या शाखेबाहेरचा एक विषय पास होणं सक्तीचं होतं. बरोबरच्यांनी तो पहिल्याच वर्षी उरकला. हिने आज-उद्या करत शेवटपर्यंत लांबवला, आणि वाट्याला आली संभाव्यता. नशिबाचेच हिशेब करायचे तर ज्योतिष काय वाईट होतं, अशी कुरकुर तिने घरी केली, तेव्हा बाबा पोट धरून हसले. बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म जमिनी मोजण्यात गेला. अलीकडे मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून येतानाही त्यांची वाट चुकायची.

तास भर दुपारी असे. उंच खिडक्यांतून ऊन तिरकं फळ्यावर पडे आणि त्यात खडूची धूळ संथ तरंगत राही. मॅडमचा आवाज इतका मऊ, की ऐकता ऐकता डोळे जड व्हावेत. एका दुपारी त्यांनी भरकटणाऱ्या माणसाची गोष्ट काढली. गावाला अंत नाही, नुसते चौकच चौक. प्रत्येक चौकात चारही वाटा त्याला सारख्याच. पाय नेतील तिकडे तो जातो.

"तो घरी परत येतो का?" मॅडमनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "येतो. खात्रीने येतो. पण सरासरी किती वाट पाहायची म्हणाल, तर तिला मर्यादा नाही."

फळ्यावरच्या चौकांतून बाबा पाठमोरे चाललेले धाकटीला दिसू लागले, आणि पुढचं काही कानात शिरलं नाही.

मग एके दिवशी ती तासाला निघणार तोच शेजारच्या काकू धावत आल्या. बाबांना त्यांनी मघाशी फाटकाबाहेर जाताना पाहिलं होतं. धाकटीने आसपासचे सगळे रस्ते पालथे घातले. दुकानदार माना हलवत होते. बागेतल्या बाकांवर दुसऱ्याच कुणाचे वडील बसलेले होते. ऊन कलायला आलं तेव्हा फोन वाजला. मॅडम होत्या.

"एक गृहस्थ मागच्या बाकावर बसलेत. मुलीची वाट बघतोय म्हणतात. सगळा तास ऐकला त्यांनी. तुम्हीच आला नाहीत."

ती धापा टाकत पोचली. इतक्या लांब कसे आलात, या प्रश्नावर बाबा नुसते गोड हसले. ते कोडं कधी सुटलं नाही. उद्यापासून यांना बरोबर आणू का, असं तिने चाचरत विचारलं. मागचा बाक तसाही अर्धा रिकामाच असतो, एवढंच मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून बाबा रोज येऊ लागले. कधी ऐकत, कधी उन्हात मान टाकून झोपत. बाजूच्या पोरांना त्यांची इतकी सवय झाली, की खांद्यावर डोकं आलं तरी कुणी हलत नसे.

विषय सुटला; मार्क बेताचेच पडले. पण त्याआधी, शेवटच्या तासाला, धाकटी पाणी पिऊन परतली तेव्हा बाबांनी तिच्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं. मग अदबीने सरकून जागा करून दिली.

"तुम्हालाही हा सक्तीचा आहे का?"

"हो," ती म्हणाली.

"बसा मग. छान शिकवतात."

ती त्यांच्या शेजारी बसली.