ढगाचा कारखाना

मी बन्सी हलगीवाला. दौलताबादच्या किल्ल्यामागं आमची खडकवस्ती, आणि तिथं चाळीस वर्षं दवंडी मीच देतो. आता सरपंचानं मोबाईलवर ग्रुप काढलाय, पण गावाचा मेसेजवर भरवसा नाय. हलगी वाजली की ऐकू न येणारी म्हातारीसुद्धा दारात येते. बन्सीनं सांगितलं म्हणजे ते झालंच, असं लोक धरून चालतात. मला त्याचा लई माज होता. आता सांगतोय ते त्या माजाचंच सांगतोय, म्हणून मधी बोलू नका.

माझ्या बापाचा एक नियम होता. दिलेली दवंडी मागं घ्यायची नाय. एकदा जनावरं टोचायचा डॉक्टर बुधवारी येणार होता आणि बापानं चुकून मंगळवार सांगितला. मंगळवारी सगळं गाव बैलं घेऊन चावडीपुढं उभं, डॉक्टरचा पत्ता नाय. पाटील बापाच्या अंगावर धावला. म्हणला, "जा, चुकलं म्हणून परत दवंडी दे." बाप म्हणला, "डॉक्टरला आणा. आज चुकलो म्हणलो तर उद्या खऱ्यालाबी कोण बाहेर येईल?" आणि मायला, खरंच डॉक्टरला त्याच दिवशी जीप पाठवून उचलून आणला. ही गोष्ट मी शंभर जणांना छाती फुगवून सांगितली असेल.

आता नूरभाईचं सांगतो. नूरमोहम्मद माझ्याच वयाचा, माझा दोस्त. माळाच्या तोंडाशी त्याची चार एकर आणि त्यात निजामाच्या काळातली पायऱ्यांची विहीर. बहात्तरच्या दुष्काळात मी सहा-सात वर्षांचा होतो, तेव्हा आजूबाजूची सात गावं त्या एका विहिरीवर जगली. पुढं पंचायतीनं तिथंच मोटार बसवली आणि तिथनंच गावाच्या नळाला पाणी यायचं. नूरभाईनं कधी एक रुपया मागितला नाय. कुणी विषय काढला की म्हणायचा, "पानी मेरे बाप का है क्या? अल्ला का है." संध्याकाळी आम्ही दोघं त्या पायरीवर बसून बिडी ओढायचो. त्याची बायको सगीराभाभी वरून ओरडायची, "दोनों उधरीच रहते क्या अब?"

तीन वर्षांमागं शहरातून गाड्या आल्या. कंपनीला माळ पाहिजे होता. माळ म्हणजे नुसती कुसळं आणि दगड, बाकीच्यांनी हसत हसत देऊन टाकला. पण आत जायचा रस्ता नूरभाईच्या चार एकरातून जाणार होता आणि नूरभाई विहीर द्यायला तयार नव्हता. ग्रामसभा बसली. कंपनीचा साहेब गोरागोमटा, शर्ट कडक, हिंदीत बोलला, "ये तो पूरा रेगिस्तान है भाई. यहाँ क्लाउड बनेगा. सारे देश का क्लाउड यहाँ से चलेगा."

मी सरपंचाला, शिवराजला, कोपरानं ढोसलं. "क्लाउड म्हणजे काय रे?"

"ढग," शिवराज म्हणला. बारावी झालेला आहे तो.

आता तुम्ही हसाल. पण आमच्याकडं मागल्या दुष्काळात शहरातून विमानं उडाली होती, ढगात मीठ फवारून पाऊस पाडायला. आम्ही पत्र्यावर चढून ती विमानं बघितली होती. मग ढगाचा कारखाना निघतोय म्हणल्यावर आम्हाला त्यात अवघड काय वाटणार? तरी मी उठून विचारलं, "सायेब, और पानी?"

साहेब हसला. "पानी की चिंता मत करो, काका. पानी हम लाएंगे."

झालं. मी त्याच दिवशी कातडं ताणायला हलगी जाळावर शेकली आणि निघालो. "ऐका हो ऐका! आपल्या माळावर ढगाचा कारखाना येतोय हो! देशाचे ढग आता हितनं सुटणार हो! पहिला पाऊस खडकवस्तीला, मग बाकीच्यांना!" शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॉटेलवाल्यानं चहा पाजला, एकानं टोपी दिली. पोरीबाळी मला बघून "ढगवाले मामा" म्हणायला लागल्या, आणि मला ते लई गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

मग सगळं गाव नूरभाईच्या मागं लागलं. तुझ्या एकट्याच्या हट्टापायी पाऊस अडलाय म्हणले. सात गावांना पाणी पाजलेला माणूस, त्याला लोक पाण्याला आडवा आलास म्हणून बोलायला लागले. आठ दिवस ऐकून घेतलं त्यानं, मग म्हणला, "बन्सीनं हलगी वाजवून सांगितलंय ना, मग देतो." बुधवारी रजिस्ट्री ठरली.

रविवारी त्याची नात नौशीन माझ्या घरी आली. त्याच्या पोराची, अझहरची पोरगी, शहरात कॉम्प्युटर शिकते. ओसरीवर बसली आणि सरळ म्हणाली, "मामा, क्लाउड म्हणजे आभाळातला ढग नाय. लोकांचे फोटो, व्हिडिओ, बँकेची कागदं ठेवायचं गोदाम असतं ते. हजारो कॉम्प्युटर. ते तापतात, त्यांना गार करायला पाणी लागतं. हे लोक पाऊस देणार नाहीत, पाणी नेणार आहेत."

माझी बायको मुक्ताबाई चुलीपुढनं उठून दारात येऊन उभी राहिली.

"दादाजींना सांगितलं तर म्हणतात, तू काल शिकायला लागली, बन्सी चाळीस वर्षं सांगतोय," नौशीन म्हणाली. "मामा, तुम्ही परत दवंडी द्या. चुकलं म्हणून सांगा. ते फक्त तुमचं ऐकतील."

मला राग आला. खरं म्हणजे पोरीचा नव्हता आला, पण मी पोरीवर काढला. "आमच्यात दवंडी मागं घेत नसतात," म्हणलो. "तुला काय कळतंय? साहेबानं पाणी आणतो म्हणलंय."

ती गेल्यावर मुक्ता म्हणाली, "अहो, पोरगी खरं बोलतीय."

"ठाऊक आहे मला," मी म्हणलो.

हे माझे शब्द. ठाऊक आहे मला. रविवारी दुपारीच मला ठाऊक झालं होतं आणि बुधवारपर्यंत तीन दिवस माझ्या हातात होते. हलगी खुंटीला होती. मी नुसता बापाचा नियम घोकत बसलो आणि कोणी टोपी दिली, कोणी चहा पाजला त्याचा हिशेब मनात करत बसलो. उद्या मी खोटारडा ठरलो तर माझी हलगी कोण ऐकणार, एवढंच डोक्यात.

बुधवारी सकाळी चावडीपुढं जीप उभी. नूरभाई धुतलेला पायजमा घालून, दाढीला मेंदी लावून आला होता. जीपमध्ये पाय ठेवता ठेवता थांबला आणि माझ्याजवळ आला. हळूच विचारलं, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "बन्सी, सच है ना रे? पाऊस येईल ना?"

मी म्हणलो, "व्हय."

तो हसला, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि जीपमध्ये बसला.

पुढचं तुम्ही कुठल्याबी गावाला ऐकलं असेल. आधी तारेचं कुंपण आलं, मग भिंत, मग भिंतीवर परत तार. आत पांढऱ्या लांबच लांब इमारती, एकीलाबी खिडकी नाय. वर पंखे, माणसाच्या दुप्पट उंचीचे, दिवसरात्र घों घों करतात आणि आतली गरम हवा बाहेर फेकतात, ती वाऱ्यानं आमच्या वस्तीत येते. विहिरीच्या बाजूला भिंत नाय, नुसती तार, आणि विहीर त्या तारेच्या आत गेली. पंचायतीची मोटार त्यांनी काढून रीतसर पावती करून परत दिली. मग आत बोअर पाडले. किती ते कुणी सांगत नाय, पण मशिनचा धुरळा आम्ही महिनाभर खाल्ला. पहिल्या उन्हाळ्यात गावातले आड गेले, दुसऱ्या उन्हाळ्यात नूरभाईच्या विहिरीचा तळ दिसला, आतल्या पहारेकऱ्यानंच सांगितलं. निजामाच्या काळापासून कुणी बघितला नव्हता तो तळ. आता टँकर येतो, सहा दिवसांनी एकदा, तोबी आला तर.

नूरभाई रोज दुपारी तारेपाशी जाऊन बसायचा. बाहेरून विहिरीची वरची पायरी तेवढी दिसायची. पहारेकरी हाकलायचे, हा चार पावलं मागं सरकून परत बसायचा. मी त्या बाजूनं जायचंच टाळायला लागलो. एकदा गाठ पडलीच. त्यानं बिडी पुढं केली, म्हणला, "बन्सी, तुला ठाऊक होतं का रे, हे असलं असतं म्हणून?"

कसलाबी राग नव्हता त्याच्या आवाजात. नुसतं विचारलं. रागानं विचारलं असतं तर कदाचित मी बोलून गेलो असतो.

"मी अडाणी माणूस, नूरभाई," म्हणलो. "मला काय ठाऊक असणार?"

"हां, वो भी है," तो म्हणला आणि माझी बिडी पेटवून दिली.

औंदा मे महिन्यात तो तिथंच गेला. तारेला टेकून बसलेला, लोकांना वाटलं डुलकी लागलीय. ऊन इतकं होतं की त्याला उचलताना पोरांचे हात तारेला भाजले.

टँकर येऊन पाच दिवस झाले होते. नूरभाईच्या घरात एक घागर अर्धी भरलेली, बाकी रिकामं. मय्यताला आंघोळ घालायला दोन-तीन हंडे तरी पाणी पाहिजे, आणि दफन त्याच दिवशी करायचं. अझहर कंपनीच्या गेटवर गेला. "आमचीच विहीर होती, दोन हंडे द्या," म्हणला. पहारेकरी भला माणूस होता बिचारा, त्यानं आत फोन लावला, आतल्यानं शहरात लावला, शहरातल्यानं आणखी कुठं लावला. दीड तास अझहर उन्हात उभा. शेवटी निरोप आला, बाहेर पाणी द्यायची परवानगी नाय. मौलाना म्हणले, पाणीच नसेल तर मातीनं करता येतं, तशी सोय आहे. ते ऐकून सगीराभाभीनं भिंतीवर डोकं आपटलं. "सबकू पानी पिलाया उन्होंने," एवढंच परत परत म्हणत होती.

मी दारात उभा होतो. नौशीन माझ्याकडं बघत होती.

मी घरी आलो, हलगी काढली, उन्हात धरली. वाजवायचं टिपरू दोनदा पडलं. मुक्तानं उचलून हातात दिलं. म्हणाली, "सगळं सांगा आता. अर्धं ठेवू नका."

तसाच उन्हात निघालो. "ऐका हो ऐका! नूरमोहम्मदभाई अल्लाघरी गेले हो! आंघोळीला पाणी नाय. घरटी एक तांब्या पाणी आणा हो!" दारं उघडायला लागली. मग चावडीपुढं थांबलो. तिथं नुसती हलगीच वाजवत राहिलो मी, बराच वेळ. लोक म्हणले, म्हातारा येडा झाला. मग बोललो.

"दुसरं ऐका. तीन वर्षांमागं मी ढगाच्या कारखान्याची दवंडी दिली. ती मी मागं घेतो. ती खोटी होती. आणि खोटी आहे हे मला रजिस्ट्रीच्या तीन दिवस आधी कळलं होतं. नूरभाईनं मला हितं, ह्या जागेवर विचारलं, सच है ना. मी व्हय म्हणलो हो!"

कुणी शिवी दिली नाय. मी वाट बघत होतो शिवीची. शिवराज सरपंच मान खाली घालून आत गेला आणि तांब्या घेऊन बाहेर आला.

लोक आणत गेले. कुणी तांब्या, कुणी गडवा, एका म्हातारीनं स्टीलच्या पेल्यात आणलं, तिच्याकडं तेवढंच होतं. नौशीन दारात बसली होती, पुढं दोन हंडे. एकेकाचा तांब्या घ्यायची, थेंब न सांडता ओतायची, रिकामा परत द्यायची. मी रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहिलो. आमच्या घरातलं शेवटचं पाणी होतं, गाळून घेतलेलं, वर मुक्तानं स्वच्छ फडकं झाकलेलं.

माझी पाळी आली. मी तांब्या पुढं केला. नौशीननं हंड्याच्या तोंडावर हात आडवा धरला.

"तुमचं नको, मामा," ती म्हणाली.

"पोरी, दोस्त होता माझा."

"दुसरा हंडा अजून भरला नाय," ती म्हणाली. "तरी तुमचं नको."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मीच रडत होतो, सगळ्यांदेखत, तांब्या छातीशी धरून. आतून अझहरनं हाक मारली, आहे तेवढ्यात करू म्हणला. बापलेकीनं हंडे आत नेले आणि दार लावून घेतलं.

मातीला गेलो, लांब उभा राहिलो, तीन मुठी माती टाकायलाबी पुढं झालो नाय. घरी आलो तेव्हा तांब्या तसाच भरलेला हातात होता. मुक्तानं बघितलं आणि तिला कळलं. मी म्हणलो, "हे पाणी आता कुठंतरी ओतून टाक."

"ओतून टाकू? येड लागलं का? टँकर कधी येईल ठाऊक आहे का?"

तिनं तांब्या माझ्या हातातनं घेतला, पेल्यात पाणी ओतलं आणि माझ्यापुढं ठेवलं. सकाळपासून माझ्या तोंडात थेंब नव्हता, घसा ओरडून सोलपटला होता. मी पेल्याकडं बघत बसलो. मग उचलला आणि सगळं प्यायलो.