नव्या कार्डाला कुंकू

कांचननं घरात बजावून ठेवलं होतं, नव्या ग्राफिक्स कार्डाला कुणी हात लावायचा नाही. पण तिचं बोलणं त्या घरात मनावर घेतंय कोण!

बडोद्यातल्या निजामपुऱ्याच्या एका आर्किटेक्टनं तिला एका बंगल्याच्या आतल्या खोल्यांची चित्रं करायला दिली होती, अगदी फोटोसारखी. दसऱ्याच्या सकाळी ती गिऱ्हाईकाला दाखवायची होती. पसंत पडली तर घरबसल्या कायमचं काम. लग्नानंतर सुटलेलं डिझाइनिंग पुन्हा हाती येणार, म्हणून बाई हवेत होती. जुन्या कॉम्प्युटरला तेवढा दम नव्हता, म्हणून हे कार्ड. तिनं जुन्या कार्डाचा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, काढला, नवा डाउनलोड करून ठेवला, कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून धूळ झटकली आणि खंडेनवमीची फुलं आणायला बाजारात गेली.

परत येते तर नवरा, हेरंब, स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा. "बसवलं बघ तुझं कार्ड! आईनं पूजासुद्धा केली."

सासूबाईंनी, म्हणजे अहल्याबाईंनी, विळी, कात्री, हेरंबची स्कूटर यांच्यासोबत कार्डही पूजेला घेतलं होतं.

"हळदकुंकू कुठं लावलंत, आई?"

"ती सोनेरी पट्टी आहे ना खाली, तिथं. छान शोभलं हो."

नेमकी तीच पट्टी आतल्या बोर्डाच्या खाचेत बसते, वीज तिच्यातूनच जाते. कांचन धावली, पण हेरंबनं कौतुकानं बटण दाबलंसुद्धा. कॉम्प्युटर तीनदा किंचाळला आणि जळका वास सुटला. तिनं वायर उपटली, कार्ड बाहेर ओढलं. पट्टीवर कुंकवाचा ओला लगदा, खाली खाचेत अक्षतेचा एक करपलेला दाणा. कार्ड गेलं, बोर्डही गेला.

"अरे, पुसून तरी बसवायचंस!"

"सणाच्या दिवशी देवाचं कुंकू पुसू?"

तिनं आर्किटेक्टला फोन केला. "कांचनबेन, कशो वांधो नथी," काही हरकत नाही, असं तो गोड आवाजात म्हणाला आणि काम दुसऱ्या मुलीला दिलं. झालं! कांचन जमिनीवर बसून ढसाढसा रडली.

"नसेल नशिबात," अहल्याबाई म्हणाल्या.

नशीब म्हणे! सासूबाईंचा भयंकर संताप आला तिला.

"एवढं काय गं, दुसरं आणू," हेरंब म्हणाला. "गोरव्याला आमच्या कारखान्यात दरवर्षी सगळ्या मशीनांना कुंकू लावतो. कधी काही झालंय?"

कांचननं डोळे पुसले. "लेथ मशीनला कुठं लावता?"

"बाहेर, पत्र्यावर."

"आत का नाही? लोखंडाचा जॉब फिरतो तिथं?"

"वेडी आहेस का? तिथं कुणी लावू देईल? काम बंद पडेल ना!"

आपण काय बोललो हे त्या माणसाला कळलंही नाही. पाट ओढून तो जेवायला बसला आणि म्हणाला, "वाढतेस ना?"